एचएमटी जनता घेताना: डायल मूळची की रंगवलेली, आणि सर्व्हिसिंगला काय सांगायचं?

निळी शाई

नमस्कार मंडळी. चावीचं एचएमटी जनता घ्यायचं आहे. दोन घड्याळं समोर आहेत आणि निर्णय होत नाहीये.

पहिलं: डायल पांढऱ्याची पिवळट झालेली, सहाच्या आकड्याजवळ दोन तपकिरी ठिपके, काचेवर ओरखडेच ओरखडे. दिवसाला साधारण चार मिनिटं मागे पडतं.

दुसरं: गडद केशरी डायल, कोरं करकरीत, किंमत पहिल्याच्या निम्मी. विकणारा म्हणतो, दुकानात पडून राहिलेला जुना माल आहे, कुणी वापरलेलाच नाही. हे तासाला जवळजवळ मिनिटभर पुढे जातं.

केशरी डायल खरी असू शकते का? आणि वेळेतला हा फरक साध्या सर्व्हिसिंगने जाईल की मशीनच गेलं असं समजायचं?

---

सतरा खडे

पहिलं घ्या. केशरी डायल नंतर रंगवलेली असणार हे फोटो न बघताही जवळपास खात्रीने सांगता येतं. असल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात: मशीन जुनं आणि बहुतेक वेळा अस्सल, पण डायल खरवडून नव्याने रंगवलेली, काटे कुठल्या तरी तिसऱ्याच घड्याळाचे, केस (घड्याळाची बाहेरची धातूची पेटी) पॉलिश करून गुळगुळीत केलेली. आपल्या शहराचं नाव या अर्थाने रूढ व्हावं याचं वाईट वाटतं.

असा माल इतका का निघतो हे कळायला थोडा इतिहास लागतो. हिंदुस्तान मशीन टूल्सने, म्हणजे एचएमटीने, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. अगदी सुरुवातीच्या डायलवर एचएमटी आणि सिटिझन अशी दोन्ही नावं दिसतात. पुढे श्रीनगर, तुमकूर आणि हल्द्वानीजवळच्या राणीबागला कारखाने झाले. टायटनची क्वार्ट्झ (बॅटरीवरची) घड्याळं १९८७ मध्ये बाजारात आली आणि चावीच्या घड्याळांची मागणी घसरत गेली. एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला, आणि त्या सुमारास जनता, पायलट या मॉडेलांना अचानक भाव आला. मशीनं घरोघरी होती, धड डायली मात्र कमी. मग रंगारी कामाला लागले.

दहापट भिंग घ्या आणि पुढच्या गोष्टी याच क्रमाने पाहा.

अक्षरं. मूळ डायलवरची छपाई पॅडने उठवलेली असते, त्यामुळे शाईचा थर किंचित वर आलेला आणि कडा धारदार दिसतात. ‘जनता’ हा शब्द देवनागरीत असेल तर काम सोपं आहे. शिरोरेखा एकसारख्या जाडीची आहे का, ‘न’ची गाठ मोकळी आहे की शाईने बुजली आहे, तेवढं बघा. रंगवलेल्या डायलवर गाठ बहुतेकदा बुजलेली असते. ‘पॅरा शॉक’ (धक्क्यापासून संरक्षण) आणि ‘१७ ज्वेल्स’ (सतरा खडे) या इंग्रजी ओळी मधल्या उभ्या रेषेवर नीट बसल्या आहेत का, तेही तपासा.

मिनिटांच्या रेघा. त्या डायलच्या कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हव्यात. बाराजवळ कडेला टेकलेल्या आणि सहाजवळ आत सरकलेल्या असतील तर दुसऱ्या कुणाचा हात लागला आहे.

काटे. मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचायला हवा. तो दोन मिलिमीटर आधीच संपत असेल तर काटे बदललेले आहेत.

दुकानात पडून राहिलेल्या मालाचा दावा तपासायचा असेल तर झाकणाच्या कडेवरचे चाकूचे ओरखडे आणि पट्ट्याच्या दांड्या बसतात तिथली भोकं बघा. कधीच न वापरलेल्या घड्याळाची भोकं रुंदावलेली नसतात.

---

बॅलन्सकॉक

डायलबद्दल वर लिहिलंय ते पुरेसं आहे. मी मशीनबद्दल लिहितो.

दिवसाला चार मिनिटं मागे पडणं ही काळजीची गोष्ट नाही. वर्षानुवर्षं न उघडलेल्या घड्याळात तेल घट्ट होऊन चिकटा तयार होतो, बॅलन्सला (मागेपुढे झुलून घड्याळाचा वेग ठरवणाऱ्या चाकाला) पुरेसा जोर मिळत नाही आणि घड्याळ मागे राहतं. तासाला मिनिटभर पुढे जाणं मात्र वेगळं. म्हणजे दिवसाला २४ मिनिटं. नुसता रेग्युलेटर (वेग कमीजास्त करायची पट्टी) सरकल्याने सहसा इतका फरक पडत नाही. बहुधा हेअरस्प्रिंगची (बॅलन्सवरच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची) वेटोळी एकमेकांना चिकटताहेत. चिकटली की स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि बॅलन्स वेगाने फिरू लागतो. कारणं मुख्यतः दोन: चुंबकत्व, किंवा स्प्रिंगवर गेलेलं तेल. चुंबकत्व ओळखायला साधं होकायंत्र चालतं. घड्याळ त्याच्याभोवती हळूहळू फिरवा. सुई घड्याळामागे ओढली जाऊ लागली तर चुंबकत्व आहे. डिमॅग्नेटायझरवर (चुंबकत्व घालवणाऱ्या यंत्रावर) धरून, बटण दाबलेलंच ठेवून, घड्याळ हातभर लांब नेलं की काम होतं. बटण जवळच सोडलं तर उलट जास्त चुंबकत्व बसतं. सुई हललीच नाही तर तेल समजा. मग धुण्याशिवाय इलाज नाही.

जनतामध्ये ०२३१ हे मशीन असतं: हाताने चावी देण्याचं, १७ खड्यांचं (चाकांची टोकं टेकतात ती माणकं), तासाला १८,००० ठोक्यांचं, म्हणजे सेकंदाला पाच. ०२३१ हा आकडा पुलावर (चाकं वरून धरणाऱ्या पट्टीवर) कोरलेला असतो. विकणाऱ्याकडून मागचं झाकण उघडून फोटो मागवाच, आणि आधी स्क्रूंची डोकी बघा. खाचा फाटलेल्या असतील तर चुकीच्या मापाचा पेचकस वापरणारा कुणी तरी आत जाऊन आला आहे.

आता सर्व्हिसिंग. अनेक ठिकाणी सर्व्हिसिंग म्हणजे मशीन न सोडवता पेट्रोलमध्ये बुडवून वाळवणं आणि वरून तेलाचे थेंब सोडणं. दोन महिने झकास चालतं, मग बंद. धुतलेला मळ भोकांतच राहतो आणि नव्या तेलात मिसळून त्याची कणकेसारखी लुगदी होते. ती घासून पिव्हट (चाकांच्या दांड्यांची बारीक टोकं) झिजतात.

घड्याळजींना पुढच्या गोष्टी स्पष्ट विचारा, त्यांचा अपमान होत नाही.

मेनस्प्रिंगचा (चावी दिल्यावर ताणली जाणाऱ्या मुख्य स्प्रिंगचा) ताण आधी उतरवतात का? चावी बोटांत धरून खिट्टी (ताण अडवून धरणारा खटका) सोडायची आणि ताण हळूहळू जाऊ द्यायचा. ताण असताना पॅलेट (चाकाचा एकेक दात सोडणारा भाग) काढला तर चाकं भरधाव सुटतात आणि दाते जातात.

सगळे भाग सुटे करून धुतात का? बॅलन्स आणि पॅलेट स्पिरिटमध्ये ठेवू नयेत. त्यांवरचे खडे लाखेने बसवलेले असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

तेल किती प्रकारचं वापरतात? एकच बाटली असेल तर दुसरीकडे जा. वेगवान चाकांना आणि बॅलन्सच्या खड्यांना मोबियस कंपनीच्या ९०१०सारखं पातळ, बॅरल (मेनस्प्रिंगची डबी) आणि मिनिटकाटा ज्यावर बसतो त्या कॅनन पिनियनला डी-५सारखं जाड, पॅलेटच्या खड्यांच्या टोकांना ९४१५. पॅलेटच्या पिव्हटना तेल अजिबात नाही. खड्याची वाटी (तेलासाठीचा खळगा) निम्मी भरली की थांबायचं. जास्त झालेलं तेल पसरतं आणि पिव्हट शेवटी कोरडाच राहतो. शिलाई मशीनचं तेलही पसरतं, म्हणून ते नको.

काम झाल्यावर टाइमिंग मशीनचा (ठोके ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा मागा. पूर्ण चावी दिलेली आणि डायल वर असताना अँप्लिट्यूड (बॅलन्सचा झोका) २७० अंशांच्या आसपास असेल तर उत्तम; २२० च्या खाली असेल तर काम अर्धवट आहे. बीट एरर (टिक आणि टॉक यांच्या वेळेतला फरक) एक मिलिसेकंदाच्या आत हवी. २४ तासांनी तीच मोजणी पुन्हा करून घ्या. मेनस्प्रिंग थकली असेल तर ती तिथेच उघडी पडते.

---

निळी शाई

मनापासून आभार. पहिल्याचे फोटो आले. पुलावर ०२३१ आहे, स्क्रू धड दिसताहेत. चावीच्या दांड्याजवळ मात्र लालसर भुकटी आहे. आणि नीट पाहिल्यावर आणखी एक लक्षात आलं: सेकंदकाटा चालू असतो, पण मिनिटकाटा कधीकधी जागचा हलत नाही. डायलवरचे ठिपके पुसता येतील का?

---

बॅलन्सकॉक

सेकंदकाटा चालतो आणि मिनिटकाटा राहतो म्हणजे कॅनन पिनियन सैल. आधीची चार मिनिटंही बहुधा यातूनच जात होती. पिनियनचा गळा विशिष्ट चिमट्याने किंचित दाबून घट्ट करतात, मोठा खर्च नाही. फार दाबला तर वेळ लावताना चावी जड फिरते, एवढंच सांभाळायचं.

लाल भुकटी गंजाची. पाणी शिरतं ते चावीच्या भोकातून, म्हणून दांडा आधी गंजतो. दांडा आणि चावी नवी टाका. दांडा काढताना सेटिंग लीव्हरचा (दांडा जागेवर धरणाऱ्या भागाचा) स्क्रू एक-दोन फेरेच सैल करायचा. पूर्ण सोडला तर लीव्हर डायलखाली निसटतो आणि डायल उतरवावी लागते. गंज खिट्टीपर्यंत किंवा चाकांपर्यंत गेला असेल तर भाव पाडून मागा. काच ॲक्रिलिकची आहे, ओरखडे पॉलिश पेस्टने निघतात. तडा असेल तर बदला, पण झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवू देऊ नका. त्याची वाफ काचेला आणि डायलला आतून पांढरी पडते.

---

सतरा खडे

डायल पुसू नका. ओल्या कापसाने, खोडरबराने, कशानेच नाही. लाखेचा थर म्हातारा झाला की शाई कापसावर उतरते आणि ‘जनता’चा ‘ता’ निघून येतो. हवेच्या फुग्याने धूळ उडवा, बस. ते दोन ठिपके आहेत म्हणून तर डायल मूळची आहे हे कळतंय.

घड्याळजींना लेखी द्या: डायल रंगवायची नाही, केस पॉलिश करायची नाही. न सांगता दिलं तर पुष्कळदा ग्राहक खूश व्हावा म्हणूनच ते चकचकीत करून देतात. केसवर मुलामा असेल तर पॉलिशच्या चाकावर कोपऱ्यांचं पितळ उघडं पडतं.

---

कोकणकडा

याच धाग्यात विचारतो. वेस्ट एंड कंपनीचं जुनं ‘सोवार प्रायमा’ घड्याळ मिळतंय. (सोवार म्हणजे आपला स्वारच.) आकड्यांवर तपकिरी, भेगाळलेला लेप आहे, अंधारात चमकत नाही. म्हणजे रेडियम संपलं असं समजून खरवडून नवं भरून घ्यावं का?

---

बॅलन्सकॉक

खरवडू नका. आपण चमकणाऱ्या प्रत्येक पट्टीला रेडियम म्हणतो, पण या घड्याळांत ते खरंखुरं रेडियम असू शकतं. चमक जाते ती त्यात मिसळलेलं झिंक सल्फाइड (प्रत्यक्ष चमकणारा पदार्थ) थकतं म्हणून. रेडियमचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) सुमारे १,६०० वर्षं, ते तिथेच आहे. डायलच्या तळाशी सहाच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी ‘टी’ (T) अक्षर असेल तर लेप ट्रिशियमचा. त्याचं अर्धायुष्य १२ वर्षांच्या आसपास, म्हणून जुन्या घड्याळात ते बरंचसं संपलेलं असतं. ‘टी’ नसेल आणि घड्याळ १९६० च्या आधीचं असेल तर रेडियम धरून चाला.

काच बंद असताना मनगटावर अधूनमधून घालण्यात भीती फारशी नाही. धोका भुकटी श्वासातून किंवा पोटात जाण्याचा आहे. म्हणून झाकण घरी उघडायचं नाही. घड्याळजींना आधी सांगायचं, म्हणजे ते हातमोजे आणि मास्क घालतील आणि टेबल ओल्या कपड्याने पुसतील. ठेवायचं हवेशीर कपाटात, उशाशी नाही, कारण रेडियममधून रेडॉन वायू सुटत राहतो. काचेच्या आत लेपाचे कण सुटे पडलेले दिसत असतील तर ते घड्याळ घेऊच नका.