उजनीवर झुलता पूल हवा की साधाच बरा?

भीमाकाठ (धागाकर्ता): उजनी धरणाच्या पाण्यावरच्या कुगाव–शिरसोडी पुलावर बोलणं चाललंय, तर मग तो झुलताच का नको? अमेरिकेत मिशिगन राज्याचे दोन तुकडे मॅकिनॅक या झुलत्या पुलाने 1957 साली जोडले. लांबी 8 किमी, मधला गाळा (दोन मनोऱ्यांमधलं अंतर) 1158 मीटर. त्याआधी तिथं गाड्या फेरीबोटीतून जायच्या. आपल्याकडे करमाळा–इंदापूर अजून होडीवरच आहे, आणि मे 2024 मध्ये वादळात होडी उलटून माणसं बुडाली ते सगळ्यांना माहीत आहे.

काळापाषाण: पूल हवाच, त्यात वाद नाही. पण मॅकिनॅकला एवढा गाळा हौसेने नाही ठेवला. सामुद्रधुनी 90 मीटरपर्यंत खोल, आणि खालून मोठी मालवाहू जहाजं जातात म्हणून मध्यावर 47 मीटर मोकळी उंची. उजनीत खालून काय जाणार, मासेमारीच्या होड्या? धरण मायनसमध्ये, म्हणजे पाणी मृतसाठ्याखाली गेलं की पात्र उघडं पडतं. गाळ उपसा, कातळ लागला की पाया भरा, 40 मीटरचे गाळे टाका.

भीमाकाठ: दर उन्हाळ्यात पाणी तेवढं उतरेलच असं कुठं आहे? एक पाऊसकाळ चांगला गेला की पुढच्या मेपर्यंत खांब पाण्यातच. झुलत्याला मनोरे दोनच.

काळापाषाण: दोन मनोरे, पण नांगर-ठोकळे (काठावर केबलची टोकं धरून ठेवणारे काँक्रीटचे ठोकळे) कोण धरणार? गाळा 500 मीटर, झोळ (केबल मध्यावर जेवढी खाली येते तेवढा) 50 मीटर, वजन मीटरला 10 टन धरा. आडवा ताण = 10 × 500 × 500 ÷ (8 × 50) = 6250 टन. घर्षणांक 0.6 आणि दीडपट सुरक्षा धरली तर प्रत्येक काठावर साधारण 6500 घनमीटर काँक्रीट, नुसतं वजन म्हणून.

सांधेवाला: हिशेब अपुरा आहे. केबल ठोकळ्याला नुसती ओढत नाही, उचलतेही. काठाकडेही केबलची मनोऱ्याजवळचीच चढण धरली तर ठोकळा 2500 टनांनी वर ओढला जातो. म्हणजे काँक्रीट अजून वाढणार. मात्र कातळात बोगदा मारून नांगर बसवला तर बरंच वाचेल. तेवढ्यावरून झुलता बाद होत नाही.

भीमाकाठ: तेच म्हणतोय की!

सांधेवाला: थांबा, बाजू घेतली नाही अजून. 1940 साली अमेरिकेतला टॅकोमाचा झुलता पूल ताशी 65 किमीच्या आसपासच्या वाऱ्यात पिळवटून पडला. त्याच्या बाजूच्या पट्ट्या भरीव आणि फक्त 8 फूट खोल होत्या. म्हणून मॅकिनॅकला 38 फूट खोल जाळीचा सांगाडा घातला, आणि मधल्या दोन लेनना लोखंडी जाळी, वारा आरपार जावा म्हणून. आता डिसेंबरात एका बाजूने उसाने भरलेल्या डबल ट्रॉल्यांची रांग, दुसऱ्या बाजूने रिकाम्या. असमान वजनाने केबलचा आकारच बदलतो, तो सांगाड्याने धरायचा. म्हणजे पोलादही जास्त.

काळापाषाण: आणि देखभाल? गुजरातेत मोरबीला पडलेल्या झुलत्या पुलात केबलच्या 49 तारांपैकी 22 गंजलेल्या निघाल्या. रंग मारून तारा नव्या होत नाहीत.

सांधेवाला: सांधेही बघा. 30 अंशांच्या फरकाने 500 मीटर पोलाद 18 सेंटिमीटर हलतं. त्या फटीत उसाचं पाचट आणि चिखल कोंबला गेला की हालचाल अडते, बेअरिंगवर (पूल ज्यावर टेकतो त्या आधारावर) ताण येतो. 40 मीटरच्या गर्डरला दीड सेंटिमीटर. ती फट साफ करायला फावडं पुरतं.

भीमाकाठ: फावडं मारायचं कंत्राट कोण काढतंय ते सांगा आधी.