सव्वादोन वर्षांची लेक पझल जोडतच नाही, नुसतं मोडते

इंदिरानगरची_आई
लेकीच्या वाढदिवसाला तिच्या मामाने 24 तुकड्यांचं प्राण्यांचं पझल आणलं, डब्यावर तीन वर्षांपुढे असं स्पष्ट लिहिलंय पण मामाच्या मते भाची हुशार आहे. पहिल्याच दिवशी हत्तीचा कान चघळून लगदा केला, चार-पाच तुकडे दिवाणाखाली गेले, आणि मी जोडून दाखवलं की ती ते मोडते नि टाळ्या वाजवते. शेजारच्या काकू म्हणतात आमचा नातू या वयात अख्खं लावायचा (नातू आता आठवीत आहे, तपासायची सोय नाही). तिचं काही मागे पडतंय का? मोबाईल द्यायचा नाहीये म्हणून हा खटाटोप.

बाबा_कॉलेजरोड
काही मागेबिगे नाही हो, 24 तुकडे या वयाला खूपच झाले. आधी लाकडी खुंटीवालं घ्या, त्यात प्रत्येक चित्राला वेगळी खाच असते, मग दोन-तीन तुकड्यांचं, आणि तिसऱ्या वर्षाच्या आसपास आठ-बारा, पोरागणिक मागेपुढे होतंच. मोडणं तर आधी येतंच, काढता आलं की मग बसवता येतं. आमच्याकडे हे चाललं: चारातले तीन मी लावायचो आणि शेवटचा तिच्या हातात, म्हणजे पूर्ण झाल्याचा आनंद तिचा. नंतर शेवटचे दोन. आणि तो चघळलेला कान फेका आधी, पुठ्ठ्याचा तुकडा घशात अडकू शकतो. नवीन घेताना आयएसआय मार्क बघा, 2021 पासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे, रस्त्यावरच्या मालावर बरेचदा नसतो.

अंगणवाडीताई_सिन्नर
ताई, विकत आणायचीच गरज नाही. आता सीझनला घरी द्राक्षाची पेटी येते ना, तिच्यावरचं द्राक्षाच्या घडाचं चित्र कापा, सरळ दोन तुकडे, बस. जमलं की तीन. लग्नपत्रिकेवरचा गणपती पण चालतो, पण तो कापला तर सासूबाईंना आवडणार नाही 😄 ताराबाई मोडक नि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बिया, शंख-शिंपले असल्या आजूबाजूच्या वस्तूंवरच बालवाडी चालवली, महागडं सामान नव्हतंच. खुंटीचा फायदा मात्र खरा आहे, ती तीन बोटांत धरावी लागते आणि पुढे पेन्सिलही तशीच धरायची असते.
आणि तुम्ही गप्प बसून जोडून दाखवत असाल तर तसं नको, बोला. "हा उलटा झाला, फिरव", "याची कड सरळ आहे, कोपऱ्यात बघू", "वर, अजून वर". आडवं, उभं, कोपरा हे शब्द हातात तुकडा असताना चटकन कळतात. हात मात्र तिचाच हवा, आपला शिवशिवला तरी मांडीखाली दाबून बसायचं.

पंचवटीकर
आम्ही रामकुंडावर दगड मारत मोठे झालो, पझल कुठे होती? तरी इंजिनिअर झालोच की.

बाबा_कॉलेजरोड
@पंचवटीकर दगड मारतानाही अंदाजच घेत होतात की. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांचा 2012 चा अभ्यास आहे, 53 मुलांचं घरातलं रोजचं खेळणं व्हिडिओवर घेतलं, त्यात दोन ते चार वयात पझल खेळलेली मुलं साडेचार वर्षांची झाल्यावर आकार मनात फिरवून जुळवण्यात सरस निघाली. आता हे नुसतं निरीक्षण, पझलमुळेच झालं असं त्यातून सिद्ध होत नाही, त्यामुळे हजारो रुपयांचे सेट विकणाऱ्यांच्या नादी लागू नका.

इंदिरानगरची_आई
काल पेटी कापली. तीन तुकडे केले, दोन मी लावले, तिसरा तिने आधी उलटा ठेवला, मी "फिरव" म्हटलं तर स्वतःच गोल फिरली 😂 मग तुकडा हातात देऊन परत सांगितलं, चौथ्या खेपेला बसला. लगेच मोडला अर्थात. मामाचं पझल कपाटात वर ठेवलंय, त्याला अजून सांगितलेलं नाही.