हरणार हे माहीत असूनही तिकीट काढून जायचं का? (कार्डिफच्या रात्रीवरून)

तिसरा_मजला:
परवा ऑफिसातल्या एका मित्राने विचारलं, "डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असतो, मग एवढे पैसे घालून मैदानात बघायला कशाला गेलास?" तेव्हा पटकन उत्तर सुचलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. पटत नसेल त्यांनी खुशाल वाद घालावा.

३ सप्टेंबर २०२२ ला वेल्समधल्या कार्डिफच्या प्रिन्सिपॅलिटी स्टेडियमवर 'क्लॅश ॲट द कॅसल' हा शो झाला. १९९२ च्या लंडनमधल्या वेम्बलीतल्या समरस्लॅम शोनंतर तब्बल तीस वर्षांनी डब्ल्यूडब्ल्यूईने ब्रिटनमध्ये एवढा मोठा स्टेडियम शो घेतला. आम्ही बासष्ट हजारांवर माणसं होतो. माझी जागा पार वर, तिथून रिंग काड्यापेटीएवढी दिसत होती.

गुंथर आणि शेमसची इंटरकॉन्टिनेंटल बेल्टची, म्हणजे एका विजेतेपदाची मॅच. गुंथरचा चॉप म्हणजे उघड्या छातीवर सपाट हाताने हाणलेला फटका. टीव्हीवर फटका आणि आवाज एकदमच येतात. तिसऱ्या मजल्यावर हात बसलेला आधी दिसतो, 'फाट्' मागून पोचतो. त्या मधल्या क्षणात आपलीच छाती आवळते. शेमसची छाती आधी लाल, मग जांभळी पडत गेली. शेमस हरला, आणि त्याच्यासाठी अख्खं स्टेडियम उभं राहिलं.

शेवटच्या मॅचला ड्रू मॅकइन्टायर, स्कॉटलंडचा, म्हणजे तिथल्या लोकांचा घरचाच गडी. त्याने बेल्टधारक रोमन रेन्सला क्लेमोर (धावत येऊन तोंडावर लाथ) मारून पिन केलं, म्हणजे खांदे जमिनीला टेकवले; रेफरीने तीन मोजले की जिंकला. एक, दोन... आणि कुणीतरी हूडीवाल्याने रेफरीला पाय धरून बाहेर ओढलं. मैदानात कॉमेंट्री ऐकू येत नाही. कोण आहे, कळेना. मोठ्या पडद्यावर चेहरा आला तेव्हा कळलं, हा सोलो सिकोआ, रोमनच्याच घरातला. मग रोमनने स्पिअर (धावत येऊन खांद्याने धडक) मारून बेल्ट राखला.

ड्रू हरणार असं मला महिनाभर वाटत होतं. तरी 'तीन' म्हणायला माझंही तोंड उघडलं होतं. शेजारचे, पुढचे, मागचे, सगळ्यांचंच. ते आम्हाला कुणी लिहून दिलं नव्हतं. त्यासाठी मी पुन्हा जाईन.

लालमाती:
भाऊ, लिहिलंय झकास, पण आमच्याकडे ह्याला नुरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवून केलेली लुटुपुटूची कुस्ती म्हणतात. कोल्हापूरला खासबागेत शाहू महाराजांनी एवढं मोठं मैदान बांधलं ते खरी ताकद बघायला. तिथं दोन पैलवान अर्धा अर्धा तास खडाखडी करतात, म्हणजे उभ्याउभ्या एकमेकांचा अंदाज घेतात, लोक कंटाळतात, ओरडतात, आणि मग एका क्षणात घिस्सा डाव लागून एकजण चितपट होतो. ते त्या दोघांनाही आधी ठाऊक नसतं. तुमच्या ड्रूला ठाऊक होतं. पैलवानाने ठरवून हरायचं आणि लोकांनी त्यावर डोळ्यांत पाणी आणायचं, हे मला कधीच पटणार नाही.

तळकोकणी:
लालमाती दादा, नुरा कुस्तीचा राग येतो कारण खरी म्हणून तिकीट विकलेलं असतं. फसवणूक ती. इथे तर १९८९ मध्येच विन्स मॅकमहनच्या कंपनीने (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे सांगून टाकलं की ही स्पर्धा नव्हे, मनोरंजन आहे. ॲथलेटिक कमिशनचे (खेळांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळाचे) नियम टळावेत म्हणून सांगितलं हे खरं, पण सांगितलं. आमच्याकडे जत्रेत दशावतार बघायला बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं की राक्षस पहाटे मरणार. म्हणून कोणी मध्यरात्री उठून घरी जात नाही.

लालमाती:
राक्षस आणि पैलवान एका मापाने मोजू नका. दशावतारातला कलाकार स्वतःला पैलवान म्हणवत नाही.

फिजिओ_ताई:
मी दुसऱ्या बाजूने विरोध करते. निकाल खोटा असतो यावर माझी तक्रार नाही, शरीर खरं असतं यावर आहे. जांभळी पडलेली छाती बघून तुम्ही उभे राहिलात, मला त्या ठिकाणी बर्फ आणि विश्रांती दिसते. ही माणसं वर्षानुवर्षं कंपनीची नोकर नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार म्हणून करारावर असतात.

आणि मैदानात बसल्यावर जास्त कळतं असं म्हणणाऱ्यांनी २३ मे १९९९ आठवावा. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या 'ओव्हर द एज' शोमध्ये पैलवान ओवेन हार्टला छतावरून दोरीने खाली सोडताना तो पडला आणि गेला. घरी बसलेल्यांना कॉमेंटेटर जिम रॉसने ते सांगितलं. हॉलमधल्या लोकांना सांगितलंच नाही. त्यांच्यासमोर पुढच्या मॅचेस चालू राहिल्या आणि ते टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्यांचा विचार केला की माझ्याने तिकीट काढवत नाही.

तिसरा_मजला:
ताई, ओवेनच्या बाबतीत मी काहीही बचाव करणार नाही. शो त्याच क्षणी थांबायला हवा होता. तुमचं वाचून मला सोलोचा चेहरा पडद्यावर येईपर्यंतची ती सेकंदं आठवली. आम्हाला काय चाललंय ते खरंच कळत नव्हतं, आणि मला त्यात मजा आली होती. ती मजा विश्वासावर चालते आणि कॅन्सस सिटीत तो विश्वास मोडला. करारांबद्दलही तुमच्याशी सहमत. पण शेमससाठी उभं राहणं मला चूक वाटत नाही. त्याने अंगावर काय घेतलं ते आम्ही ओळखलं, हे त्याला कळायला हवं होतं.

रात्रपाळी:
मी नाशिकला घरी बघितलं. एरवी रेसलमेनियासाठी (डब्ल्यूडब्ल्यूईचा वर्षातला सगळ्यात मोठा शो) पहाटे उठावं लागतं, कार्डिफचा शो मात्र शनिवारी रात्री साडेदहाला सुरू झाला. बाळ झोपलं होतं म्हणून आवाज बंद. आवाजाशिवाय बघितल्यावर एक कळलं: गर्दीचे चेहरे हीच अर्धी मॅच असते. म्हणून मी तिसरा_मजलाच्या बाजूने आहे.

फक्त निकाल मला तेव्हाही चुकलेला वाटला आणि आजही वाटतो. वेम्बलीत ब्रिटिश बुलडॉग नावाच्या पैलवानाला घरच्या लोकांसमोर ब्रेट हार्टवर जिंकवलं होतं ना? लोक म्हणतात, रोमनने बेल्ट १३१६ दिवस राखला म्हणून एप्रिल २०२४ मध्ये फिलाडेल्फियात कोडी ऱ्होड्सचा त्याच्यावरचा विजय मोठा झाला. झाला असेल. पण कार्डिफच्या लोकांनी फिलाडेल्फियासाठी का हरायचं? वर हरल्यावर लगेच ड्रू बॉक्सर टायसन फ्युरीबरोबर रिंगमध्ये गाणी म्हणत होता. तुम्ही तोवर थांबलात का?

तिसरा_मजला:
थांबलो. मलाही ते गाणं नको होतं, दुःख जरा टिकू द्यायचं होतं. पण पुढच्या रांगेत एक सात-आठ वर्षांचं पोर वडिलांच्या कुशीत तोंड खुपसून रडत होतं. गाण्याच्या मध्यावर त्याने मान वर केली आणि ओठ हलवायला लागलं. त्यामुळे त्या गाण्याबद्दल माझं मत अजून ठरत नाही.

लालमाती:
त्या पोराचं वाईट वाटलं, खरं सांगतो. बाकी माझं मत तेच. गावाकडे कधी येताय? जत्रांच्या दिवसांत आलात तर एक निकाली कुस्ती मातीच्या कडेला बसून दाखवतो. तिसऱ्या मजल्यावरून नाही.

तिसरा_मजला:
मार्चअखेर येतोय. मैदान लागलं की कळवा.