लाईट तास-दीड तासच असते. तेवढ्यात फोन भरेल असा चार्जर सुचवावा

जांबोटीकडील

नमस्कार. मी खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढच्या एका गावात दूध संकलन केंद्राचे काम पाहते. दोन्ही वेळच्या दुधाची नोंद, फॅटचे आकडे आणि उत्पादकांचा हिशेब हे सर्व आता फोनवरच असते. पावसाळ्यात झाडे तारांवर पडली की आमच्याकडे लाईट दिवसदिवस नसते आणि आली तरी तास-दीड तासात पुन्हा जाते. तेवढ्या वेळात फोन किती भरला यावर दुसऱ्या दिवशीचे काम अवलंबून असते.

फोनची बॅटरी ५००० एमएएचची असून खोक्यावर ३३ वॉट चार्जिंग असे लिहिले आहे. सोबत आलेला चार्जर मागच्या पावसाळ्यात जळाला. मूळ चार्जरवर फोन सव्वा तासात भरत असे. बेळगावला गेले असताना बाजारातून ६५ वॉटचा, दोन पोर्ट असलेला चार्जर घेतला, कारण दुप्पट वॉट म्हणजे निम्मा वेळ अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पूर्ण भरायला अडीच तासांहून अधिक वेळ लागतो. केबल घरातलीच, दोन मीटर लांबीची, एका बाजूला जुना चपटा यूएसबी पोर्ट असलेली आहे. दुसऱ्या पोर्टला बहुतेक वेळा यजमानांचा फोन लावलेला असतो.

१५०० रुपयांच्या आत काय घ्यावे? आमच्याकडे व्होल्टेज कमी असते, त्यामुळे असे होते का? आणि वेगाने चार्ज केल्याने बॅटरी लवकर खराब होते का? जाणकारांनी कृपया सांगावे.

शहापूर, बेळगाव (मोबाईल दुरुस्ती)

ताई, आपण वेळ आणि बॅटरीचा आकडा दोन्ही लिहिलेत, त्यामुळे निदान करता येते. ५००० एमएएचला बॅटरीच्या साधारण ३.८५ व्होल्टने गुणले की सुमारे १९ वॉट-तास ऊर्जा होते. भरताना काही भाग उष्णतेत जातो, म्हणून चार्जरकडून २२-२३ वॉट-तास घ्यावे लागतात. ते अडीच तासांत गेले, याचा अर्थ तुमच्या फोनला सरासरी नऊ-दहा वॉटच मिळत आहेत. दहा वॉट म्हणजे ५ व्होल्ट आणि २ अँपिअर, साध्या जुन्या चार्जरची मात्रा. खोक्यावरचे ६५ वॉट तुमच्या फोनपर्यंत पोहोचतच नाहीत.

६५ हा आकडा चार्जर जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते सांगतो. प्रत्यक्षात किती द्यायचे हे केबल जोडल्याबरोबर फोन आणि चार्जर आपसात ठरवतात, आणि त्यासाठी दोघांना एकच पद्धत समजावी लागते. आपल्या भागात दुकानदाराला मराठी आणि गिऱ्हाइकाला कानडी येत नसली की बोटांवर दाखवून होईल तेवढाच व्यवहार होतो. इथेही समान पद्धत सापडली नाही, तर दोघे ५ व्होल्टवर थांबतात आणि फोन सावकाश भरत राहतो.

अशा पद्धती बऱ्याच आहेत. सर्वांसाठी खुली असलेली यूएसबी पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी, ही ५, ९, १५ आणि २० व्होल्टच्या ठरलेल्या पायऱ्यांवर चालते. तिचाच पीपीएस हा प्रकार व्होल्टेज २० मिलिव्होल्टइतक्या बारीक टप्प्यांनी बदलतो, त्यामुळे फोनच्या आत रूपांतराची उष्णता कमी होते; सॅमसंगच्या फोनला २५ वॉटचा वेग हवा असेल तर चार्जरला पीपीएस यावेच लागते. ओप्पोची २०१४ मध्ये आलेली व्हूक पद्धत याच्या उलट वाटेने गेली. तिने व्होल्टेज ५ च्या आसपासच ठेवले आणि अँपिअर वाढवले, म्हणून तिला चार्जर आणि केबल दोन्ही त्याच जातीची लागतात. पुष्कळ फोनांवरचा मोठा आकडा हा असा कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचा असतो आणि बाहेरच्या चार्जरवर तोच फोन पीडीने १८ वॉट किंवा त्याहून कमी घेतो.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय केबलवर आणि पोर्टवर आहे. पीडी चपट्या पोर्टातून मिळत नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंना टाइप-सी असलेली केबल लागते. शिवाय दोन पोर्टांच्या चार्जरवर लिहिलेले वॉट बहुधा एकच पोर्ट वापरला तर मिळतात. दुसरा फोन लावताच वाटणी होते आणि काही चार्जर तर दोन्ही पोर्ट ५ व्होल्टवर आणतात.

लांब केबलचेही ऐकून घ्या. स्वस्त केबलमध्ये २८ गेजची बारीक तार असते. एक मीटर केबलमध्ये जाणारी आणि येणारी अशी दोन मीटर तार धरली, तर तिचा रोध सुमारे ०.४ ओम होतो आणि २ अँपिअरला ०.८ व्होल्ट वाटेतच जातात. दोन मीटर केबलला हा तोटा दुप्पट होतो. ५ व्होल्टमधून एवढे गेल्यावर फोनच आपली मागणी कमी करतो. ९ व्होल्टवर तोटा तेवढाच असला तरी तो एकूण मात्रेच्या मानाने लहान ठरतो.

काही खरेदी करण्याआधी एक गोष्ट करून पाहा. कोणाकडून तरी दोन्ही बाजूंना टाइप-सी असलेली एक मीटरची केबल मागून घ्या, ती चार्जरच्या टाइप-सी पोर्टाला लावा, दुसरा फोन काढा आणि वीस टक्क्यांपासून अर्ध्या तासात किती टक्के वाढतात ते लिहून ठेवा. जुन्या केबलनेही तसेच मोजा.

निपाणीजवळून

व्होल्टेजच्या प्रश्नापुरते लिहितो. आमच्या मळ्यातल्या घरी उसाला पाणी देण्याच्या वेळी मोटारी सुरू झाल्या की दिवे पिवळे पडतात आणि मीटरवर १७० व्होल्ट दिसतात, तरी फोन नेहमीच्याच वेळात भरतो. चार्जरच्या पाठीवर इनपुटसमोर १००–२४० व्होल्ट असे छापलेले असते आणि त्या मर्यादेत तो बाहेर तेवढेच देतो. मीही अनेक वर्षे मंद चार्जिंगचा दोष व्होल्टेजलाच देत होतो.

धोका आहे तो जास्त व्होल्टेजचा. वादळात न्यूट्रलची तार तुटली तर घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या जवळपास येऊ शकतात आणि त्या वेळी चार्जर जळतात. ताईंचा चार्जर लाईट परत येतानाच जळाला का, हे त्यांनी आठवून पाहावे. लाईट गेली की प्लग काढून ठेवावा आणि आल्यावर दिवे स्थिर दिसेपर्यंत पाच मिनिटे थांबावे, एवढी सवय आम्ही घरात लावून घेतली आहे.

जांबोटीकडील

आपण दोघांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत याबद्दल आभारी आहे. होय, लाईट आली त्याच क्षणी चार्जरमधून वास आला होता.

काल मोजून पाहिले. जुनी केबल आणि शेजारी यजमानांचा फोन असताना अर्ध्या तासात २० वरून ३९ टक्के झाले. धाकट्या दिरांकडची टाइप-सी केबल लावून, दुसरा फोन काढून पाहिले तेव्हा तेवढ्याच वेळात २१ वरून ५८ झाले. चार्जर तोच होता. मग मी नवीन चार्जर घ्यावा की नाही?

शहापूर, बेळगाव (मोबाईल दुरुस्ती)

अर्ध्या तासात ३७ टक्के म्हणजे फोन पीडीवर १८ वॉटच्या आसपास घेत आहे. कंपनीच्या ३३ वॉटच्या चार्जरवर तेवढ्याच वेळात पन्नासच्या पुढे जाल. प्रश्न असा आहे की त्या जादा पंधरा टक्क्यांवर पैसे घालावेत की दुसऱ्या कशावर.

तुमची अडचण पाहता मी चार्जर घेणार नाही. चांगली एक मीटरची टाइप-सी केबल आणि १०,००० एमएएचची पॉवर बँक एवढेच घ्या. हे तुमच्या रकमेत बसावे. केबलवर पॉवरच्या तारेसाठी २४ किंवा त्याहून कमी गेजचा आकडा छापलेला असेल तर ती घ्या, कारण गेजचा आकडा लहान तितकी तार जाड असते. लाईट असताना फोन या चार्जरवर एकटा लावा आणि पॉवर बँक यजमानांच्या जुन्या चार्जरवर दुसऱ्या सॉकेटला लावा. त्या एका तासात दोन बॅटऱ्या एकाच वेळी भरतात, हा फायदा कोणताही मोठा आकडा देणार नाही. पॉवर बँक एका तासात पूर्ण भरणार नाही. तिच्यात सुमारे ३७ वॉट-तास मावतात, म्हणून ती तीन-चार वेळच्या लाईटवर भरत जाईल. शिवाय १०,००० हा आतल्या बॅटरीचा आकडा असतो. तिच्या पाठीवर ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून लहान अक्षरांत साडेपाच ते साडेसहा हजारांचा आकडा असतो, तोच तुमच्या उपयोगाचा आहे.

चार्जर किंवा पॉवर बँक घेताना ‘आर’ अक्षरापुढे आठ अंक असलेली बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, खूण पाहा आणि तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून कंपनीचे नाव जुळते का ते दुकानातच तपासा. खूण नुसती छापलेली आणि क्रमांक भलत्याच वस्तूचा, असे नग माझ्याकडे दुरुस्तीला आले आहेत.

आता बॅटरीविषयी. बॅटरी रिकामी असताना भरपूर प्रवाह घेऊ शकते. तिचे व्होल्टेज कमाल मर्यादेला पोहोचले की फोन ते तिथेच धरून ठेवतो आणि प्रवाह हळूहळू कमी करत नेतो. म्हणून शेवटचे वीस टक्के सर्वांत जास्त रेंगाळतात, मग चार्जर कितीही मोठा असो. तुम्हाला ऐंशी टक्क्यांवर काम भागत असेल तर तिथेच फोन काढून पॉवर बँक त्या जागी लावा. बॅटरीचे आयुष्य घटवते ती मुख्यतः उष्णता. ४५ अंशांच्या पुढे फोन स्वतःच चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो. चार्ज करताना जाड कव्हर काढावे, फोन गादीवर किंवा चुलीच्या भिंतीजवळ ठेवू नये.

चिकोडीचा विद्यार्थी

एक भर घालतो. चार्जिंग चालू असताना हॉटस्पॉट सुरू ठेवला की माझा फोन तापतो आणि टक्के वाढायचे जवळजवळ थांबतात. खानापूरच्या जंगलपट्ट्यात रेंज कमी असते आणि फोन टॉवर शोधण्यात पुष्कळ वीज घालवतो. ताईंनी त्या तासाभरात फोन एअरप्लेन मोडवर ठेवून पाहावा. नोंदी रेंज नसतानाही लिहिता येत असतील तर काम अडणार नाही.

कणकुंबीहून

आमच्याकडच्या पावसात आणखी एक अडचण येते, ती जांबोटीलाही येत असणार. पोर्टात ओल गेली की फोन तशी सूचना दाखवतो आणि चार्जिंगच घेत नाही. त्या वेळी काडी घालू नये, फुंकर मारू नये आणि तांदळातही पुरू नये, कारण तांदळाचे कण पोर्टात जातात. पोर्ट खाली करून फोन तळहातावर हलकेच आपटावा आणि पंख्यासमोर किंवा वाऱ्याला अर्धा तास ठेवावा. संकलन केंद्रात ओले हात लागणारच, म्हणून पोर्टाचे रबरी बूच घ्यावे. पाच-दहा रुपयांना मिळते.

जांबोटीकडील

केबल आणि पॉवर बँक काल आणली. क्रमांक दुकानातच तपासला. पहिल्या पॉवर बँकेवर तो जुळला नाही म्हणून दुसरी घेतली. आज दुपारी लाईट पन्नास मिनिटे होती. एअरप्लेन मोडवर फोन १६ वरून ७३ टक्के झाला आणि पॉवर बँकेचा पहिला दिवा लागून दुसरा लुकलुकत होता. संध्याकाळच्या दुधाची नोंद त्यावरच झाली. जुनी दोन मीटरची केबल आता यजमानांच्या फोनलाही लावत नाही.