मदत हवी आहे: कुत्रीला काट्यांचा पट्टा घालावा का? (नाशिक, तातडीचे)

मळ्यातली (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ११:२०
नमस्कार. सरळच विचारते. कुत्रीला काट्यांचा पट्टा घालावा की नाही? दोन दिवस घरात यावरून वाद चाललाय. सासरे म्हणतात घालायचाच, आणि मला ते बघवत नाही. पट्टा आणलाय. काल रात्री घातला तर रात्रभर मान खाली करून बसली, भाकरीला तोंड लावलं नाही. आम्ही नाशिकजवळ राहतो. अनुभव असेल त्यांनी आज रात्रीच सांगा, उद्यापासून मिस्टरांची रात्रपाळी सुरू होतेय. कृपा करून 'गुगल करा' म्हणू नका. केलंय, सगळं इंग्रजीत आणि परदेशातलं आहे.

श्वानवेडा | रात्री ११:३१
जात कोणती? वय किती? रॉटवायलर किंवा पिटबुल असेल तर लोक रुबाबासाठी घालतात. माझं मत विचाराल तर साधा रुंद नायलॉनचा पट्टा सगळ्यात चांगला, धुता येतो. आणि नाशिक महापालिका हद्दीत असाल तर कुत्र्याची नोंदणी करून घ्या, लोक फार टाळाटाळ करतात.

कॉलेजरोडकर | रात्री ११:३८
फिरायला नेताना ओढते का? आमचा लॅब्रॅडोर इतका ओढायचा की माझा खांदा निखळायची वेळ आली होती. गळ्यातलं सगळं काढून टाकलं आणि छातीवरून जाणारा हार्नेस घेतला. १५ दिवसांत फरक. तुम्हीही तेच करा, पट्ट्याच्या भानगडीत पडूच नका.

मळ्यातली | रात्री ११:४४
ओढत नाही, कारण फिरायला नेतच नाही. मळ्यातली गावठी कुत्री आहे, तांबडी नाव. बिबट्यासाठी विचारतेय. नाशिक आणि काट्यांचा पट्टा म्हटल्यावर दुसरं काय असणार?

गोदाकाठ | रात्री ११:५२
ताई, रागावू नका. नाशिकमध्ये मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कुत्री पाळणारेही आहेत, त्यांना बिबट्या आधी सुचणार नाही. जरा नीट सांगा. मळा कुठल्या बाजूला? ऊस आहे का जवळ? कुत्री रात्री मोकळी असते की बांधलेली? आधी काही घडलंय का?

मळ्यातली | मंगळवार, रात्री १२:०५
पळशाच्या पुढे, दारणेच्या अंगाला. तिन्ही बाजूंनी ऊस, तोडणी सुरू झालीय, आमच्या शेजारचा परवाच तुटला. घर मळ्यातच, शेजारचं घर हाकेच्या अंतरावर नाही. आधी बाळ्या नावाचा कुत्रा होता, श्रावणात नेला. गोठ्याच्या खांबाला साखळीने बांधलेला होता. सकाळी साखळी आणि तुटलेला पट्टा एवढंच होतं. आवाजसुद्धा आला नाही. सासऱ्यांनी (अण्णा) तेव्हापासून मनाला लावून घेतलंय. तांबडीही तिथेच बांधतात, कारण गोठ्यात दोन गाई आणि कालवड आहे. चार दिवसांपूर्वी बांधावर पुन्हा ठसे दिसले. लेक पाच वर्षांची आहे, दिवसभर तांबडीच्या गळ्यात पडलेली असते. आता सांगा.

बागाईतदार_निफाड | सकाळी ६:१०
घाला. डोळे झाकून घाला. आमच्याकडे तीन कुत्री गेली, चौथ्याला खिळ्यांचा पट्टा केला, तो आज चार वर्षं जिवंत आहे. बिबट्या नरडं धरतो. नरडंच धरता आलं नाही तर काय करणार?

प्राणीमित्र_नाशिक | सकाळी ७:२५
मला हे वाचून वाईट वाटलं. मुक्या जनावराच्या गळ्यात खिळे अडकवून त्याला बिबट्यासमोर बांधायचं, याला राखण म्हणत नाहीत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आखूड किंवा जड साखळीने जनावर अवाजवी काळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. कुत्री घरात घ्या. प्रश्न संपला.

बागाईतदार_निफाड | सकाळी ७:४०
तुम्ही पाचव्या मजल्यावरून कायदा सांगताय. गाई कोण राखणार? रात्री दोनला मोटर चालू करायला मी एकटा जातो, तेव्हा कुत्रं भुंकलं तर कळतं पुढे काही आहे म्हणून. दिवसा वीज द्या म्हणावं सरकारला, निम्मे प्रश्न आपोआप सुटतील.

प्राणीमित्र_नाशिक | सकाळी ७:४८
दिवसा विजेच्या मागणीला माझाही पाठिंबा आहे. पण बांधलेलं कुत्रं राखण करत नाही, ते सापडून मरतं. बाळ्याचं काय झालं ते ताईंनीच लिहिलंय.

सिन्नरकर | सकाळी ८:१५
बिबट्या खरं तर शेळ्यांसाठी येतो. शेळ्या नसतील तर एवढी काळजी नको.

गोदाकाठ | सकाळी ८:३०
सिन्नरकर, हे चुकीचं आहे. आपल्याला लागून असलेल्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचं खाणं तपासलं होतं. वजनाच्या हिशेबात सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव व भटक्या कुत्र्यांचा निघाला, शेळ्यांचा ११ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे मळ्यातलं कुत्रं हेच त्याचं मुख्य जेवण. ताईंनी काळजी करायलाच हवी.

वाड्यावरचा | सकाळी ९:०२
आम्ही मेंढपाळ. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरतो, पाऊस आला की वर येतो. आमच्या कुत्र्यांना हा पट्टा आजोबांच्या वेळेपासून आहे, म्हणून सांगतो.

पट्टा चामड्याचा नाहीतर लोखंडी पत्र्याचा, चार बोटं रुंद. खिळे आतून बाहेर ठोकायचे, टोकं बाहेर. आतून खिळ्यांच्या डोक्यांवर जुन्या घोंगडीचा तुकडा शिवायचा, नाहीतर आठ दिवसांत मान सोलते. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. दिवस मावळला की घालायचा, उजाडलं की काढायचा. दिवसा घातला तर दुसऱ्या कुत्र्याला लागतो, पोरांना लागतो, काट्याकुट्यात नि तारेच्या कुंपणात अडकतो.

आणि आमची कुत्री रात्री कधी बांधलेली नसतात. तीन-चार असतात, वाड्याभोवती फिरत राहतात. एक भुंकलं की सगळी उठतात, आम्ही उठतो, बॅटऱ्या लागतात. पट्ट्यामुळे पहिली झडप चुकते. पुढचं काम माणसांनी आणि बाकीच्या कुत्र्यांनी करायचं. एकट्या बांधलेल्या कुत्र्याला पट्टा घालून उपयोग नाही. त्याला पळता येत नाही, बिबट्या मागून कंबरेला धरतो.

जुनी_पानं | सकाळी ९:४०
वाड्यावरचा, तुमच्या घोंगडीच्या तुकड्यावरून आठवलं म्हणून लिहितो. दोन हजार वर्षांपूर्वी वारो नावाच्या रोमन लेखकाने शेतीविषयी लिहिताना मेंढपाळांच्या कुत्र्यांचा असाच पट्टा सांगितला आहे. जाड चामडं, डोकी असलेले खिळे, आणि डोक्यांखाली मऊ कातडं शिवायचं, लोखंड मानेला लागू नये म्हणून. एका कुत्र्याच्या पट्ट्याने लांडगा जखमी झाला की पट्टा नसलेली कुत्रीही वाचतात, असंही तो म्हणतो. स्पेन, इटली, तुर्कस्तान, आपल्याकडे हिमाचलमधले गद्दी मेंढपाळ, सगळ्यांकडे हा पट्टा आहे. जिथे रात्री कळप उघड्यावर बसतो तिथे माणसाला हीच गोष्ट सुचली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

श्वानवेडा | सकाळी ९:५५
मग तुर्कस्तानचा कंगालच का नाही आणत? लांडग्याला भिडतो. नाहीतर आपला कारवानी किंवा पश्मी. गावठी कुत्रीकडून किती अपेक्षा करणार?

बागाईतदार_निफाड | सकाळी १०:०३
कंगालला रोज खायला काय घालायचं ते पण सांगा. गावठी ते गावठी. निम्म्या भाकरीवर आयुष्यभर इमान राखतं.

गुरांचा_डॉक्टर | सकाळी १०:३०
सगळे पट्ट्याच्या बाजूने किंवा विरोधात लिहिताहेत, पण ताईंनी आणलेला पट्टा कुठला ते कुणीच विचारलं नाही. मान खाली घालून बसली, खाल्लं नाही, हे मला खटकतंय. ताई, तातडीने सांगा: काटे आत आहेत की बाहेर? कुठून आणला?

मळ्यातली | सकाळी ११:१५
कामात होते. पुतण्याने ऑनलाइन मागवला. स्टीलच्या कड्यांची साखळी आहे, काटे आतल्या बाजूला आहेत. टोकं बोथट आहेत. अण्णा म्हणाले, बिबट्याने दाबलं की त्याच्या दातांना कड्या लागतील. आत्ताही गळ्यात आहे, रात्रीसाठी ठेवलाय, आणि साखळी त्यालाच अडकवली आहे. चूक आहे का?

गुरांचा_डॉक्टर | सकाळी ११:१८
आत्ताच्या आत्ता काढा. तो बिबट्यापासून वाचवणारा पट्टा नव्हेच. कुत्रा ओढू नये म्हणून शिकवताना वापरतात तो आहे, ओढलं की काटे तिच्याच मानेत रुततात. जर्मनीत २०२२ पासून शिकवण्यासाठीसुद्धा त्याला बंदी आहे. बिबट्याने धरलं तर त्याच्या जबड्याचा दाब काट्यांवरून थेट तिच्या श्वासनळीवर येईल. आणि साखळीला ताण बसला की रात्रभर टोचतच असणार, म्हणून ती मान हलवत नाही. काढल्यावर केस बाजूला करून कातडी बघा. ओलसर लाल ठिपके असतील तर मिठाच्या कोमट पाण्याने पुसा, कोरडं ठेवा, माशी बसू देऊ नका. मोकळ्या जखमेत किडे पडायला वेळ लागत नाही.

प्राणीमित्र_नाशिक | सकाळी ११:२२
काढलात का ताई?

मळ्यातली | सकाळी ११:५०
काढला. उजव्या कानाखाली चार ठिकाणी सोललंय, एका ठिकाणी पाणी सुटलंय. मला रडू आलं. काढल्या काढल्या अंग झाडून पाणी प्यायली. अण्णा काही बोलले नाहीत, गोठ्यात जाऊन बसलेत. त्यांचा जीव आहे हो तिच्यावर. बाळ्यासारखं होऊ नये म्हणूनच केलं त्यांनी.

वाड्यावरचा | दुपारी १२:२०
अण्णांना दोष देऊ नका. दुकानात दोन्हीला काट्यांचा पट्टाच म्हणतात. मान भरून येईपर्यंत कुठलाच पट्टा नको.

कॉलेजरोडकर | दुपारी १२:४५
शहरात तरी कुठे सुरक्षित आहोत? जानेवारी २०१९ मध्ये सावरकरनगरमध्ये, गंगापूर रोडला, भरदिवसा बिबट्या फिरत होता, लोक जखमी झाले होते. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडच्या लोकांनी स्वतःच्याच गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातले. माणसांवर ती वेळ आली.

सिन्नरकर | दुपारी १:०५
सगळे बिबटे पकडून लांब का नाही सोडत?

गोदाकाठ | दुपारी १:३०
एक उचलला की मोकळ्या जागेत दुसरा येतो. ऊस आहे, पाणी आहे, कुत्री आहेत. तो वेगळा विषय आहे, वेगळा धागा काढा. इथे आज रात्रीचं बघू. ताई, घराला पडवी आहे का? जाळी आहे?

मळ्यातली | दुपारी २:१०
पडवीला लोखंडी ग्रिल आहे, वरपर्यंत. दाराला कडी आहे. पण तांबडी आत असेल तर गाईंचं काय?

गुरांचा_डॉक्टर | दुपारी २:३५
गोठ्याला आधी चारही बाजूंनी आणि वरून जाळी मारा. बिबट्या चढतो, त्यामुळे नुसत्या कमरेएवढ्या भिंतीचा उपयोग नाही. तोपर्यंत निदान कालवड तरी घराजवळच्या बंद खोलीत घ्या, मोठ्या गाईंपेक्षा धोका तिला जास्त. तांबडी ग्रिलच्या आत मोकळी ठेवा. कुत्रीचं काम भुंकून जागं करायचं, ते ती आतूनही करते. गावठी कुत्री १५-२० किलोची, बिबट्याचा नर ५०-६० किलोचा. तिने त्याला अडवावं अशी अपेक्षाच नको.

आणखी एक. बिबट्याचे दात लागले तर वरून जखम बारीक दिसते, आत खोल गेलेली असते आणि पू धरते. 'एवढंसं तर आहे' म्हणून हळद लावून थांबू नका. रेबीजची लस तिला दिली आहे का?

मळ्यातली | दुपारी २:४०
नाही.

गुरांचा_डॉक्टर | दुपारी २:४२
या आठवड्यात द्या. लेक तिच्या गळ्यात पडते म्हणालात ना, मग हे पट्ट्याच्याही आधी.

बागाईतदार_निफाड | दुपारी ३:१५
मी सकाळी बांधलेल्या कुत्र्याला पण घालाच म्हणालो. ते मागे घेतो. आमचा मोकळा असतो, हे लिहायचं राहिलं. ठसे दिसलेत तर वनखात्याच्या १९२६ वर कळवून ठेवा. आणि शेजारचा उरलेला ऊस तुटेल त्या दिवशी लेकीला बांधावर नेऊ नका. पिल्लं दिसली तर हात लावायचा नाही, आई जवळच असते.

श्वानवेडा | दुपारी ३:४०
ऑनलाइन मागवलेला पट्टा परत करता येतो, खोका टाकू नका.

मळ्यातली | शुक्रवार, रात्री ९:३०
उशिरा लिहितेय. तीन रात्री तांबडी ग्रिलच्या आत आहे. पहिल्या रात्री दाराशी कुंई कुंई करत होती, काल पहाटे तीनला मात्र उठून अशी भुंकली की आम्ही सगळे जागे झालो. अण्णांनी आतूनच बॅटरी मारली, उसाच्या कडेला डोळे चमकले. गाई ठीक आहेत, कालवड माजघराला लागून असलेल्या खोलीत बांधतो. जाळीवाला रविवारी माप घ्यायला येणार आहे. बुधवारी लस दिली. १९२६ वर फोन केला, लोक येऊन ठसे बघून गेले.

मान भरत आलीय. अण्णांनी भगूरच्या लोहाराकडून खिळ्यांचा पट्टा करून आणलाय, टोकं बाहेर. मी नको म्हणत होते, पण जाळी झाल्यावर पहाटे धार काढायला ते गोठ्यात जातात तेव्हा ती मोकळी त्यांच्या मागे जाणार, तेवढ्यापुरताच घालू असं ठरलंय. काल संध्याकाळी त्यांनी स्वतःची जुनी घोंगडी कापली आणि आतून अस्तर शिवत बसले होते. वाड्यावरचे दादा, खिळे एकमेकांपासून किती अंतरावर हवेत? यात दोन-दोन बोटांवर आहेत.

वाड्यावरचा | रात्री १०:०५
दोन बोटं बरोबर आहे. बक्कल मात्र मानेच्या वरच्या बाजूला ठेवा, नरड्याखाली नको. आणि घातल्यावर पहिले दोन दिवस अण्णांनाच काढू-घालू द्या, दुसऱ्या कुणी नको.