सोलापूरकरांनो, तुम्हाला कुणी कसं गंडवलं?

मागच्या आठवड्यात आमच्या काकांचे विजापूर रोडला घरी बसल्या बसल्या अडतीस हजार गेले. रिटायर्ड माणूस, हिशोबाला पक्का, शेंगा घेताना पण काट्याकडं बघणारा. "मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला लाईट तोडणार, या नंबरवर फोन करा" असा मेसेज आला, यांनी केला फोन, त्यानं एक ॲप टाकायला लावलं आणि म्हणे फक्त दहा रुपये भरा. त्या ॲपमधून काकांची सगळी स्क्रीन त्याला दिसत होती की. पण तीन दिवस त्यांनी काकूंना सुद्धा सांगितलं नाही, मला चोरापेक्षा त्या तीन दिवसांचाच राग जास्त आला. म्हणून हा धागा. नाव नका लिहू, काय झालं ते लिहा.

टॉवेलवाला :
अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना. मिलिटरी कँटीनमधून बोलतोय म्हणून फोन, दोनशे टॉवेल पाहिजेत, ॲडव्हान्स लगेच. "आमची पेमेंटची सिस्टीम वेगळी आहे, तुम्ही क्यूआर स्कॅन करून पिन टाका, पैसे तुम्हाला येतील." आधी पाच रुपयांचं करून दाखवलं, खरंच दहा आले बे! मग वीस हजाराचा क्यूआर. आता सगळ्यांना सांगत फिरतो, पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन टाकला म्हणजे आपले गेले. वीस वर्षं धंदा करतोय, मला हे माहीत नव्हतं असं पण नाही. ऑर्डर मोठी होती, एवढंच.

पूर्वभाग :
आमचं ओटीपीचं नाही, अंगठ्याचं आहे. आई तीस वर्षं विड्या वळते, बोटांच्या रेषा पार झिजून गेल्यात, मशीन अंगठा घेतच नाही. गल्लीत एक जण आधारवरून पैसे काढून द्यायचा. "मावशी अंगठा उठला नाही, पुसा, परत ठेवा." आई पदराला पुसून परत ठेवायची, तीनदा, चारदा, वर त्याचीच माफी मागायची की माझ्या हाताचंच असंय बाबा. महिन्यानं पासबुक भरून आणलं तर एकाच दिवशी दोन हजाराच्या तीन नोंदी, हातात मात्र दोनच हजार आलेले. आधार नंबर आणि अंगठा असला की तिथं ओटीपी येतच नाही. मी आता आधारच्या ॲपमधून तिचं बायोमेट्रिक लॉक केलंय, लागेल तेव्हा थोडा वेळ उघडतो. रेशनच्या दिवशी हटकून विसरतो आणि लायनीत उभं राहून शिव्या खातो, ते वेगळं.

जुळेसोलापूरकर :
मला लग्नपत्रिका आली व्हॉट्सॲपवर, ती पण मावसभावाच्या नंबरवरून. घरात मुलगी लग्नाची होतीच त्यांच्या, त्यामुळे शंका कशाला येईल. फाईलच्या नावाशेवटी एपीके होतं ते बघितलंच नाही, दाबलं. ती काय पत्रिका नव्हती, ॲपच होतं, माझे मेसेज परस्पर वाचणारं. तासाभरात माझ्याच नंबरवरून तीच पत्रिका सासऱ्यांना, साहेबांना, दूधवाल्याला. सासऱ्यांचा फोन, "जावईबापू, कुणाचं लग्न?"
पण एक केलं, खात्यातून पैसे गेल्याचं दिसल्यावर शेजारच्याच्या फोनवरून लगेच 1930 लावला, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर. व्यवहाराचा बारा आकडी नंबर, बँक, वेळ विचारतात, ते स्टेटमेंट काढून समोर ठेवा. त्यातले निम्मे पुढच्या खात्यात अडकवून ठेवलेत म्हणे. हातात अजून आले नाहीत, चकरा चालू आहेत.

सात रस्ता :
माझ्या नावावर दोन सिम मी न घेतलेले निघाले. संचार साथी या सरकारी साईटवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं, तिथंच "माझा नाही" म्हणून कळवता येतं. आधारची झेरॉक्स कुठं कुठं दिली ते आठवायला बसलो, लॉज, कुरिअर, गाडीचं शोरूम... सोडून दिलं. आता शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार देतो. लॉजवाला कुरकुरतो, कुरकुरू दे.

(मीच परत, धागा काढणारा)
काल हे सगळं काकांना वाचून दाखवलं. मावशींच्या अंगठ्याचं दोनदा वाचायला लावलं. मग बराच वेळ गप्प. मग चष्मा काढून म्हणाले, "तू अडतीस लिहिलंयस ना, ते साडेएक्केचाळीस कर."