जुलैमधल्या रत्नागिरीतली सुरमई

एका पाहुण्याने लिहिलंय की जुलैत रत्नागिरीला खाल्लेली सुरमई भुसभुशीत, बेचव होती, दुपारी शहर ओस पडलेलं आणि रस्त्यांवर खड्डेच खड्डे. सुरमईचं पटलं, पण दोष महिन्याचा आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते, हा माशांच्या विणीचा काळ. इथल्या मिरकरवाडा बंदरातले ट्रॉलर किनाऱ्याला लागलेले असतात. तेव्हा ताटात पडलेली सुरमई बहुधा बर्फातली. ती मेन्यूवर वर्षभर ठेवणाऱ्या हॉटेलांचा मला खरंच राग येतो, कारण पाहुणा तीच चव कोकणची म्हणून घेऊन जातो. आमच्या घरी या दिवसांत सुरमई येतच नाही. खाडीतले खेकडे मिळाले तर त्यांचं कालवण, नाहीतर उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले बोंबील, सोड्यांची (सुकवलेल्या कोळंबीची) खिचडी, सुकटाची चटणी आणि तांदळाची भाकरी. शिवाय टाकळा, भारंगी, कुड्याच्या शेंगा या पावसाळी रानभाज्या. खाणावळीत शिरल्यावर "आज घरात काय केलंय?" असं विचारा, मेन्यूकार्ड बाजूला राहू द्या.

ओस दुपारचं मात्र मान्य नाही. एक ते चार दुकानं बंद ठेवून माणसं घरी जेवतात, पडतात, आणि ते चांगलंच आहे. संध्याकाळी राम आळीच्या बाजारात जाऊन बघा, चालायला जागा नसते. खड्ड्यांबद्दल जे लिहिलंय ते मात्र शंभर टक्के खरं, त्याचा त्रास आम्हाला रोज होतो. पुन्हा यायचं तर नारळी पौर्णिमेनंतर या, बांगडा तेव्हा ताजा मिळतो.